चार दिवसांचा आराम कच्च्या दुधाचा की अर्ध्या कपाचा?

प्रश्न : माझे वय ३६ वर्षे आहे. गेली सहा-सात वर्षे दूध प्यायलो की तासाभरात पोट फुगते, गुडगुडते आणि बरेचदा शौचाला धावावे लागते. मागच्या वर्षी श्वासाची तपासणी झाली आणि मला लॅक्टोज पचत नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले. सकाळी उपाशीपोटी मोठा पेलाभर दूध पिण्याची माझी जुनी सवय तेव्हापासून मी सोडून दिली. आता एका मित्राने सांगितले, की दूध तापवल्यामुळे त्यातील पचनाला मदत करणारी एन्झाइम्स नष्ट होतात आणि म्हणून ते बाधते. निरसे, न तापवलेले दूध घेतले तर त्रास होत नाही. त्याच्या सांगण्यावरून ओळखीच्या गोठ्यातून दूध आणून गेले चार दिवस रात्री जेवणानंतर अर्धा कप घेतो आहे, आणि खरोखरच काही त्रास झालेला नाही. पत्नीला पाचवा महिना आहे. तिनेही दोन दिवस थोडेथोडे घेतले. चार वर्षांच्या मुलालाही ते सुरू करावे असे वाटते. आता प्रमाण वाढवत पूर्वीसारखे पेलाभर दूध घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबणार आहे, म्हणून जे आजच करायला हवे ते आधी सांगतो. तुमच्या पत्नीने न तापवलेले दूध घेणे आजपासून पूर्णपणे थांबवावे आणि मुलाला ते मुळीच सुरू करू नये. तुम्ही स्वतःही थांबावे असेच मी सुचवणार आहे. पण तुमच्या बाबतीत नुसते ‘थांबा’ म्हणून भागणार नाही, कारण तुम्हाला चार दिवस आराम वाटला आहे आणि स्वतःच्या पोटाचा अनुभव कोणी दुसऱ्याने नाकारल्याने खोटा ठरत नसतो. तो अनुभव मी खराच मानतो. त्याचे श्रेय कशाला द्यायचे, एवढ्यापुरताच माझा आणि तुमच्या मित्राचा मतभेद आहे.

लॅक्टोज ही दुधातली साखर ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन लहान साखरा जोडून तयार झालेली असते. जोडलेल्या अवस्थेत ती आतड्यातून रक्तात शोषली जात नाही. आधी हा जोड तोडावा लागतो आणि ते काम लॅक्टेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, करते. हे विकर लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे जे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्या टोकांकडच्या पेशींमध्ये तयार होते. तान्हेपणी ते भरपूर असते. आईचे दूध सुटल्यानंतर बहुतेक माणसांमध्ये ते हळूहळू कमी होत जाते. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना लॅक्टोज पूर्णपणे पचवता येत नाही असा अंदाज आहे, त्यामुळे याला रोग म्हणण्यापेक्षा माणसाच्या शरीराची सर्वसाधारण रीत म्हणणे अधिक योग्य. मोठेपणीही ज्यांचे लॅक्टेज टिकून राहते, त्यांच्या लॅक्टेजच्या जनुकाजवळ एक लहानसा बदल झालेला असतो. युरोपीय वंशाच्या लोकांमधील असा बदल २००२ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी प्रथम दाखवून दिला. तुमच्याकडे तो बहुधा नसावा.

न तुटलेले लॅक्टोज मग मोठ्या आतड्यात उतरते. जाताना ते आपल्यासोबत पाणी ओढून घेते, आणि तेथील जिवाणू त्याला आंबवून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काहींच्या बाबतीत मिथेनही तयार करतात. पोट फुगणे, गुडगुडणे आणि पातळ शौच यांचे मूळ एवढेच आहे. तुमच्या श्वासाच्या तपासणीत नेमका हाच हायड्रोजन मोजलेला असतो: मोठ्या आतड्यात निर्माण झालेला वायू रक्तात मिसळतो, फुप्फुसांवाटे बाहेर पडतो, आणि लॅक्टोज प्यायल्यानंतर त्याचे प्रमाण मूळच्यापेक्षा दशलक्ष भागांत २० भागांनी किंवा अधिक वाढले तर लॅक्टोज पचले नाही असे समजतात.

या सगळ्यात उणीव कुठे आहे, याकडे लक्ष द्यावे. ती तुमच्या आतड्यात आहे. दुधाला तापवून त्यातून काही काढून घेतले म्हणून ती निर्माण झालेली नाही. लॅक्टेज हे दूध पिणाऱ्याच्या आतड्यात असते, दूध देणाऱ्या जनावराच्या सडातून ते बाहेर येत नाही. दुधात इतर काही विकरे असतात हे खरे आहे आणि तापवल्यावर त्यांतील बरीच निकामी होतात हेही खरे आहे. अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे एक विकर तर पाश्चरीकरण नीट झाले की नाही हे तपासण्यासाठीच वापरले जाते, कारण तेवढ्या उष्णतेने ते नष्ट होते. परंतु ते लॅक्टोज पचवण्याच्या कामाचे नाही. तुमच्या मित्राचे अर्धे विधान बरोबर असल्यामुळेच उरलेले अर्धे पटण्यासारखे वाटते. उलट बाजूने पाहिले, तर ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे ठेवण्याच्या पाश्चरीकरणाने लॅक्टोजच्या प्रमाणात दखल घ्यावी असा फरक पडत नाही. गाईच्या दुधात ते शेकडा साडेचार ते पाच ग्रॅम असते. निरशा दुधाच्या २५० मिलिलिटर पेल्यातही सुमारे १२ ग्रॅम आणि तापवलेल्या पेल्यातही तेवढेच.

यावर मित्र कदाचित पुढचा मुद्दा मांडेल, की दुधात लॅक्टेज नसले तरी कच्च्या दुधातले ‘चांगले जिवाणू’ लॅक्टोज तोडतात. हा मुद्दा पहिल्यापेक्षा विचार करण्याजोगा आहे, कारण असे जिवाणू खरोखरच असतात आणि दही त्यांच्याच कामातून लागते. मात्र त्यांनी दुधातले लॅक्टोज लक्षणीय प्रमाणात वापरले असते, तर ते दूध आंबट लागले असते, कदाचित फाटलेही असते. तुम्ही पीत असलेले दूध गोडच असणार. म्हणजे त्यातील साखर जागेवरच आहे. चांगल्या ताज्या दह्यात दर ग्रॅमला कोट्यवधी जिवाणू असतात. स्वच्छपणे काढून लगेच थंड केलेल्या दुधात त्यांची संख्या त्या मानाने नगण्य असते, आणि जर ती दह्याइतकी असेल तर ते दूध नासण्याच्या वाटेवर आहे. दूध स्वच्छ व ताजेही हवे आणि त्यात लॅक्टोज पचवण्याइतके जिवाणूही हवेत, या दोन अपेक्षा एकाच भांड्यात मावत नाहीत.

हा केवळ तर्क राहू नये म्हणून एका प्रयोगाबद्दल सांगतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅक्टोज न पचणाऱ्या १६ प्रौढांना आळीपाळीने आठ-आठ दिवस कच्चे दूध, पाश्चरीकृत दूध आणि तुलनेसाठी सोया दूध दिले आणि श्वासातील हायड्रोजन मोजला. कच्च्या दुधाने हायड्रोजन कमी झाला नाही. पहिल्या दिवशी तर तो पाश्चरीकृत दुधापेक्षा जास्तच आढळला आणि आठव्या दिवसापर्यंत दोन्ही दुधांमधला फरक उरला नाही. लोकांनी सांगितलेला त्रासही दोन्ही दुधांवर सारखाच होता. अभ्यास लहान आहे, हे मान्यच करायला हवे. पण कच्च्या दुधाचा परिणाम त्याचे पुरस्कर्ते सांगतात तेवढा ठळक असता, तर १६ जणांमध्येही तो दिसायला हवा होता.

मग तुम्हाला आराम का वाटला? उत्तर तुमच्याच पत्रात आहे, आणि मला ते वाचताना थोडी गंमत वाटली. पूर्वी तुम्ही सकाळी, उपाशीपोटी, मोठा पेलाभर दूध पीत होता. आता रात्री, जेवणानंतर, अर्धा कप पिता. तुम्ही दूध बदलले, पण त्यासोबत प्रमाण आणि वेळही बदलली, आणि सगळे श्रेय मात्र दुधाला दिले. अर्ध्या कपात जेमतेम सहा ग्रॅम लॅक्टोज असते. लॅक्टोज न पचणारी बहुतेक माणसे एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज काहीही त्रास न होता किंवा किरकोळ त्रासावर घेऊ शकतात, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. तुम्ही त्याच्या निम्म्यावर आहात. शिवाय भरल्या पोटी घेतलेले दूध जठरातून सावकाश पुढे सरकते, त्यामुळे आतड्यात उरलेसुरले जे लॅक्टेज आहे त्याला काम करायला अवधी मिळतो. हाच अर्धा कप तापवून घेतला असता तरी, माझ्या अंदाजाने, तुम्ही मला ‘काही त्रास झालेला नाही’ असेच लिहिले असते.

प्रमाणाचे महत्त्व किती, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी प्रयोगात फार चांगले दिसले. लॅक्टोजचा आपल्याला तीव्र त्रास होतो, अगदी थोडे दूधही सोसत नाही, असे सांगणाऱ्या ३० जणांना त्यात घेतले होते. त्यांना एक आठवडा रोज न्याहारीसोबत २४० मिलिलिटर साधे दूध आणि एक आठवडा लॅक्टोज आधीच तोडलेले दूध दिले. कोणत्या आठवड्यात कोणते दूध आहे हे त्यांना कळू दिले नाही. दोन्ही आठवड्यांतील त्रास किरकोळ होता आणि त्यांत फरक आढळला नाही. त्या ३० पैकी नऊ जणांना तर लॅक्टोज मुळात पचत होते. त्या नऊ जणांना कोणी खोटारडे म्हणू नये. पोट दुखायला कारणे पुष्कळ असतात, ते कशाने दुखले याबद्दलचा आपला अंदाज चुकू शकतो, आणि तो त्यांचा चुकला होता. आराम कशाने पडला, याबाबतही तीच चूक होऊ शकते.

आणखी एक गोष्ट घडते, ती चार दिवसांत नाही पण दहा दिवस-दोन आठवड्यांत. लॅक्टोज रोज थोडेथोडे आणि नियमित घेतले, तर मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा समतोल बदलतो आणि वायू कमी तयार होतो. ‘मी प्रमाण वाढवत नेले आणि महिन्याभरात कच्चे दूध मला मानवले’ असे सांगणारी माणसे खरे सांगत असतात. फक्त हाच सराव त्यांनी तापवलेल्या दुधाने केला असता तरी तो झाला असता.

आता धोक्याकडे येतो. तुमच्या ओळखीचा गोठा स्वच्छ असेल, जनावरे धडधाकट असतील आणि दूध काढणारा माणूस प्रामाणिक असेल, हे मी गृहीतच धरतो. तरीही अडचण सुटत नाही. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि ई. कोलायचे ओ१५७:एच७ सारखे घातक प्रकार वरून निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या शेणातही असतात, आणि दूध काढताना त्याचा डोळ्यांना न दिसणारा अंश भांड्यात जाणे पूर्णपणे टाळता येत नाही. ई. कोलायच्या या प्रकाराचे शंभराहून कमी जिवाणूही माणसाला आजारी पाडू शकतात. दुधाच्या रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून यातले काहीही ओळखता येत नाही. ब्रुसेला आणि गोवंशीय क्षयाचे जिवाणू तर थेट आजारी जनावराच्या शरीरातूनच दुधात उतरतात. पाश्चरीकरण रूढ होण्यापूर्वी कित्येक मुलांना क्षय होण्याचे ते एक मोठे कारण होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि बाधित गाईंच्या कच्च्या दुधात तो मोठ्या प्रमाणात आढळला, म्हणजे जुन्या यादीत भरही पडते आहे. ‘इतकी वर्षे पितो, काही झाले नाही’ हे वाक्य यासाठीच फसवे आहे: संसर्ग रोजच्या पेल्यातून होत नसतो, तो एखाद्याच पेल्यातून होतो आणि तो पेला आदल्या दिवशीच्या पेल्यासारखाच दिसतो.

तुमच्यासाठी यात एक विशेष विपर्यास आहे, आणि कच्च्या दुधाची शिफारस करणाऱ्यांकडून तो मी कधी ऐकलेला नाही. आतड्याचा जिवाणुजन्य संसर्ग झाला की सर्वांत आधी इजा होऊ शकते ती अस्तरावरच्या त्या सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांना, आणि लॅक्टेज तेथेच तयार होते. म्हणून जोरदार जुलाबांनंतर एरवी दूध पचवणाऱ्या माणसालाही काही आठवडे दूध पचत नाही. तुमच्याकडे मुळातच थोडे लॅक्टेज उरले आहे. ते वाढवण्याच्या आशेने घेतलेले कच्चे दूध जर कधी बाधले, तर उरलेलेही काही काळासाठी हातचे जाईल, आणि काहींना अशा संसर्गानंतर पोटाचा त्रास महिनोन्महिने चिकटून राहतो.

पत्नीबाबत मी सुरुवातीलाच घाई केली ती लिस्टेरिया या जिवाणूमुळे. फ्रीजच्या थंडाव्यातही तो वाढत राहतो. गरोदर स्त्रीला त्याच्या संसर्गाची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते. तिला स्वतःला किरकोळ ताप आणि अंगदुखीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, पण तो वारेतून बाळापर्यंत पोहोचून गर्भपात, मृतजन्म किंवा नवजात बाळाचा गंभीर आजार घडवू शकतो. दोन दिवस थोडे दूध घेतल्याने असे होईलच असे मुळीच नाही, तशी शक्यता कमीच आहे. म्हणून घाबरून जाऊ नका आणि तिलाही घाबरवू नका. मात्र ते दूध घेतल्याच्या तारखा लिहून ठेवा, पुढच्या भेटीची वाट न पाहता तिच्या डॉक्टरांना ही गोष्ट कळवा, आणि पुढील दोन-अडीच महिन्यांत कधीही ताप, थंडी किंवा फ्लूसारखी अंगदुखी झाली तर त्या तारखांचा उल्लेख करून लगेच दाखवा. हा आजार दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि तोपर्यंत दोन कप दूध कोणाच्या लक्षातही राहत नाही. मुलाच्या बाबतीत मुख्य भीती ई. कोलायची आहे. पाच वर्षांखालील मुलांमध्ये त्याच्या संसर्गातून हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम हा मूत्रपिंडे निकामी करणारा आजार होण्याचा धोका सर्वाधिक असतो. शिवाय मुलाला दूध पचत नाही असे तुम्ही लिहिलेले नाही. मग त्याला हा उपाय कशासाठी?

दूध प्यायचेच असेल तर तुमच्यासाठी मार्ग बरेच मोकळे आहेत. सर्वांत सोपा तुम्ही नकळत शोधलेलाच आहे: तापवलेले किंवा पाश्चरीकृत दूध, अर्धा कप, जेवणासोबत किंवा जेवणानंतर. आठवडाभर त्रास झाला नाही तर पाऊण कप, मग एक कप. दिवसाचे प्रमाण एकदम न घेता दोन वेळांत विभागावे. उपाशीपोटी मोठा पेला मात्र मनातून काढून टाकलेला बरा. दही हा दुसरा मार्ग, आणि मला तो अधिक पसंत आहे, कारण मित्राने कच्च्या दुधाबद्दल केलेला दावा दह्याच्या बाबतीत खरा आहे: विरजणातील जिवाणू लॅक्टोज काही प्रमाणात आधीच वापरतात आणि उरलेले तोडण्यासाठी स्वतःचे विकर आपल्या आतड्यापर्यंत नेतात. दही तापवलेल्या दुधाचे असावे आणि लागल्यानंतर ते शिजवू नये, म्हणजे जिवाणू जिवंत राहतात. मुरवलेल्या कठीण चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ उरत नाही आणि लोण्यात ते फारच थोडे असते. लॅक्टोजमुक्त दूध म्हणून जे मिळते, त्यात कारखान्यातच लॅक्टेज मिसळून साखर तोडलेली असते. ते साध्या दुधापेक्षा किंचित गोड लागते, ती वरून घातलेली साखर नव्हे. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात. त्या दुधाच्या पहिल्या घोटासोबतच घ्याव्या लागतात, त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. ‘ए२’ दुधाचा सल्ला तुम्हाला आज ना उद्या कोणीतरी देईलच, म्हणून सांगून ठेवतो, की त्यात फरक प्रथिनाचा असतो. लॅक्टोज तेवढेच असते.

यातले काहीच नको वाटले तर दूध न पिताही माणूस उत्तम जगतो, फक्त कॅल्शियमचा हिशोब ठेवावा लागतो. २५० मिलिलिटर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तेवढे इतर अन्नातून भरून निघते आहे ना, हे आहारतज्ज्ञांकडून एकदा पाहून घ्या.

तुमचे निदान तपासणीने झालेले आहे, म्हणून मी येथवर लॅक्टोजपुरतेच बोललो. पण शौचावाटे रक्त पडणे, कारण नसताना वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दूध बंद असतानाही चालू राहणारा त्रास, यांपैकी काही असेल तर तो लॅक्टोजच्या नावावर घालू नका आणि डॉक्टरांकडे जा. आजपासून पुढचे आठ-दहा दिवस तुम्हाला जोराचे जुलाब झाले तरी, चार दिवस निरसे दूध घेतल्याचे त्यांना आवर्जून सांगा. आणि पुढच्या एक-दोन महिन्यांत ताप पुन्हा पुन्हा येऊ लागला, सांधे दुखू लागले, तरीही सांगा, कारण ब्रुसेलाचा आजार उशिरा आणि असाच अस्पष्टपणे दिसतो.

फ्रीजमध्ये त्या गोठ्यातले दूध अजून शिल्लक असेल, तर ते आंबूस झाले आहे का किंवा बराच वेळ बाहेर राहिले होते का हे पाहा. तसे असेल तर ओतून द्या, कारण काही जिवाणूंचे विष उकळूनही जात नाही. ताजे असेल तर चांगली उकळी आणा, ढवळून आणखी दोन-तीन मिनिटे उकळू द्या, आणि रात्री जेवणानंतर नेहमीच्याच कपाने अर्धा कप घ्या. पुढचे चार दिवस त्याच गोठ्याचे दूध, त्याच वेळी, तेवढेच, फक्त उकळून. पोटाने काय कौल दिला ते मला जरूर कळवा, आणि मित्रालाही.